वाणी किड्याचे शस्त्र

पहिला पाऊस पडला, की सास्तूरच्या शिवारात ओल्या पाचोळ्याखाली वाणी किडे दिसू लागतात. हात लावताच हा किडा नाण्यासारखा गोल होतो. म्हणून त्याला 'पैसा' असेही म्हणतात.

गोम विषारी दंश करते. वाणी दंश करत नाही आणि त्याला वेगाने पळताही येत नाही. मग मुंग्या व पक्षी यांच्यापासून तो वाचतो कसा?

त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक छिद्रे असतात. संकट आले, की त्यांतून उग्र वासाचा द्रव बाहेर येतो. अनेक जातींच्या द्रवात क्विनोन नावाची रसायने असतात. त्यांनी शत्रूची आग होते. काही चपट्या जाती तर सायनाइड हा विषारी वायू सोडतात. त्या वेळी कडू बदामासारखा वास येतो. हा वायू अंगात साठवलेला नसतो. दोन कप्प्यांतील पदार्थ ऐन वेळी एकत्र आले, की तो तयार होतो.

मुलांनो, वाणीच्या द्रवाने त्वचेवर तपकिरी डाग पडतो. तो हळूहळू जातो; पण द्रव डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होऊ शकते. म्हणून वाणीला काडीने बाजूला करा. हात लागलाच, तर डोळे चोळू नका. आधी साबणाने हात धुवा. डोळ्यात द्रव गेला, तर डोळा भरपूर पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जा.