माजी सरकारी वकील

अमेरिकेत कोर्टकज्जे चालविणारा वकील आपल्या परिचयात पूर्वीच्या सरकारी वकिलीचा उल्लेख अगत्याने करतो, आणि अशीलही तो तितक्याच अगत्याने वाचतो, याचे कारण तेथील न्यायव्यवहाराच्या एका विसंगतीत आहे. दिवाणी दाव्यांत परस्परांची दप्तरे मागविण्यात, साक्षीदारांच्या शपथेवरील जबान्या कोर्टाबाहेरच नोंदवून घेण्यात आणि अर्जामागून अर्ज करण्यात वर्षे लोटतात, आणि अखेरीस बहुतेक दावे तडजोडीने मिटतात. त्यामुळे नामांकित पेढीत उमेदीची वर्षे घालविलेला वकीलही ज्यूरीसमोर क्वचितच उभा राहिलेला असतो. याउलट, तीन वर्षे कायद्याचे अध्ययन करून व सनदेची परीक्षा देऊन जिल्हा सरकारी वकिलाच्या कचेरीत रुजू झालेल्या तरुणावर किरकोळ गुन्ह्यांचे का होईना, खटले लवकरच येऊन पडतात, आणि बिचकणारा साक्षीदार कसा बोलता करावा, हे त्याला भर कोर्टातच शिकावे लागते. आपल्याकडे सत्र न्यायालयातील सरकारी वकिलाच्या नेमणुकीस किमान 7 वर्षांची वकिली कायद्याने आवश्यक मानली आहे. तेथे ही कचेरीच वकिलीची पाठशाळा ठरते. तिचा प्रमुख मात्र बहुतेक राज्यांत मतदारांनी निवडलेला असतो, आणि फौजदारी खटल्यांना मतांची अशी जोड देणे प्रस्तुत लेखकास तरी फारसे रुचत नाही.

थॉमस ड्यूई यांचे चरित्र या वाटेचे ठळक उदाहरण होय. 1931 साली ते न्यूयॉर्कच्या दक्षिण विभागातील केंद्रीय सरकारी वकिलाचे मुख्य साहाय्यक झाले. मध्यंतरी खासगी वकिली करून 1935 मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्ध खास अभियोक्ता म्हणून परतले. आणि पुढच्याच वर्षी लकी लुसियानो या बलाढ्य टोळीनायकाला त्यांनी दोषी ठरविले, तेव्हा त्याला 30 ते 50 वर्षांची सजा झाली. या कीर्तीच्या बळावर ते जिल्हा सरकारी वकील, नंतर गव्हर्नर झाले, आणि गव्हर्नर या नात्याने 1946 मध्ये त्याच लुसियानोची सजा कमी करून त्याला इटलीस पाठविण्याचा हुकूमही त्यांनीच दिला. दोनदा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरल्यावर, गव्हर्नरपदाची मुदत संपताच ते एका मोठ्या पेढीत दाखल झाले, आणि त्या पेढीच्या नावात त्यांचे नाव अग्रभागी झळकले.

तथापि अशा वकिलाची खरी पुंजी जिंकलेल्या खटल्यांत नसून, कोणता खटला भरू नये हे ठरविण्याच्या सवयीत असते, असे मला वाटते. तेथील बहुसंख्य फौजदारी प्रकरणे आरोपीने गुन्हा कबूल करून सौदा केल्याने निकालात निघतात, म्हणजे आरोप किती व कोणते ठेवावेत हे ठरविणाराच पुष्कळदा शिक्षेचे माप ठरवितो. अमेरिकेतील अन्य कोणाहीपेक्षा अभियोक्त्याची सत्ता लोकांच्या जीविताचे, स्वातंत्र्याचे व लौकिकाचे अधिक नियमन करते, असा इशारा तत्कालीन ॲटर्नी जनरल रॉबर्ट जॅक्सन यांनी 1940 मध्ये केंद्रीय सरकारी वकिलांच्या सभेतच दिला होता. आरोपीस अनुकूल असा महत्त्वाचा पुरावा दडपता कामा नये, हे बंधन सर्वोच्च न्यायालयाने ब्रॅडी खटल्यात 1963 साली घातले. सरकारी दप्तरात कोणता कागद कोठे दडलेला असू शकतो, हे पूर्वी स्वतः ते दप्तर सांभाळलेल्या वकिलाला नेमके ठाऊक असते, आणि आरोपीचे वकीलपत्र घेतल्यावर त्याचा पहिला अर्ज बहुधा त्याच कागदासाठी असतो. सरकारतर्फे ज्या प्रकरणात त्याने स्वतः महत्त्वाचा भाग घेतला असेल, त्याच प्रकरणात दुसऱ्या पक्षाचे वकीलपत्र मात्र सरकारच्या लेखी संमतीवाचून त्याला स्वीकारता येत नाही.