भाजीबाग आणि भूमिपरीक्षा

रुग्णास पथ्य सांगताना ‘ताजी भाजी घ्यावी’ असे आपण सहज म्हणतो. ती कोणत्या मातीत वाढली, हे क्वचितच विचारतो.

नगरपालिकेच्या पडीक भूखंडावर रीतसर परवानगी घेऊन आम्ही काही वैद्यांनी रहिवाशांसह भाजीचे वाफे घातले. पाणी देण्याच्या पाळ्या व भाजीचे वाटे ठरले. पालक, माठ, मेथी जोमाने आली. एका आजींनी विचारले, “वैद्यबुवा, ही भाजी तुमच्या रोग्याला द्याल का?” पाणी शेजारच्या नाल्याचे होते आणि जागेवर पूर्वी राडारोडा पडत असे. आम्ही निरुत्तर झालो. उभे पीक उपटून टाकले.

सुश्रुतसंहितेतील भूमिप्रविभागीय अध्यायात वारूळ, स्मशान इत्यादींनी दूषित भूमी औषधिसंग्रहास वर्ज्य सांगितली आहे. ग्रंथ आम्ही शिकलो होतो. बागेत मात्र विसरलो. दूषित माती-पाण्यातील शिसे, कॅडमियम वनस्पतींत उतरते. धुण्याने पानांवरची धूळ जाते; शोषलेला धातू शिजवूनही नष्ट होत नाही. पालेभाज्या व कंदमुळे यांत हा धोका फळभाज्यांहून सामान्यतः अधिक असतो.

पुढे आम्ही बाहेरून आणलेली, तपासलेली माती व शेणखत घालून उंच वाफे केले आणि नळाचे पाणी घेतले. उत्पन्न घटले, पण आजींच्या प्रश्नाला ‘होय’ म्हणता येऊ लागले.

औषधी वनस्पती विकत घेणाऱ्या औषधालयांनीही हाच प्रश्न पुरवठादारास विचारावा.