गुरुवारी बदलणारं नागपूर

जगभरचे वैमानिक नागपूरच्या सोनेगाव विमानतळाला चार अक्षरांनी ओळखतात: व्हीएएनपी. भारतीय विमानतळ प्राधिकरणाचं ‘एआयपी’ नावाचं जाडजूड प्रकाशन आता संकेतस्थळावरच असतं. त्यात या चार अक्षरांखाली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळाची सगळी कुंडली मांडलेली आहे. ३,२०० मीटरची धावपट्टी, तिची १४ आणि ३२ ही दोन टोकं, भोवतालचे मनोरे आणि उंच इमारती, टॅक्सीवे, दिवे, टॉवरची फ्रिक्वेन्सी. कुणीही उघडून वाचावं, पैसे पडत नाहीत. फक्त पानावरची तारीख आधी बघावी.

रस्त्याचा नकाशा दहा वर्षं जुना असला तरी आपण वर्ध्याला पोचतो. वाट चुकलीच तर बुटीबोरीला टपरीवर चहा घेता घेता विचारता येतं. ढगातून उतरणाऱ्या विमानाला ती सोय नाही. उतरण्याच्या वाटेजवळ नवा मनोरा उभा राहिला, दिशा दाखवणाऱ्या रेडिओ केंद्राची फ्रिक्वेन्सी बदलली, एखादा टॅक्सीवे बंद झाला, तर ते वैमानिकाला आधीच ठाऊक असावं लागतं. आणि एकट्याला ठाऊक असून भागत नाही. खालच्या कंट्रोलरच्या आणि वरच्या वैमानिकाच्या हातात एकाच क्षणी एकच नागपूर असलं पाहिजे.

यासाठी १९६४ सालापासून ‘एअरॅक’ ही पद्धत आहे. मोठे, ठरवून करायचे बदल वाटेल तेव्हा लागू करायचे नाहीत. दर २८ दिवसांनी येणाऱ्या ठरलेल्या गुरुवारीच करायचे. जागतिक वेळेनुसार मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला, जुनी पानं रद्द होतात. वर्षाला अशा १३ तारखा पडतात. २०२० मध्ये १४ पडल्या होत्या. पुढच्या कित्येक वर्षांच्या तारखा आजच ठरलेल्या आहेत. माहिती लागू होण्याच्या निदान २८ दिवस आधी विमान कंपन्यांच्या हाती पडायला हवी, म्हणून सरकारी यंत्रणेने ती ४२ दिवस आधी रवाना करायची असते.

सरकारी पानं कॉकपिटमध्ये जशीच्या तशी सहसा जात नाहीत. जेपसन, लुफ्थान्साची लिडो, एअरबसची नॅवब्ल्यू अशा मोजक्या कंपन्या देशोदेशीची पानं घेऊन एका साच्यात बसवतात आणि विमान कंपन्यांना विकतात. यातल्या जेपसनचा जन्म टपालातून झाला. एल्री जेपसन हा अमेरिकेत डाकविमान चालवणारा वैमानिक. दहा सेंटची काळी वही घेऊन तो उतरण्याच्या मैदानांची लांबी, टेकड्यांची आणि टाक्यांची उंची, हवामान सांगू शकणाऱ्या शेतकऱ्यांचे फोन नंबर टिपून ठेवायचा. बाकीचे वैमानिक त्याच्याकडे प्रती मागू लागले आणि १९३४ मध्ये त्याचा धंदा उभा राहिला.

पुढच्या पिढ्यांनी हा धंदा खांद्यावर वाहिला, अगदी शब्दशः. सात कड्यांचे बाइंडर, पातळ कागद आणि पंधरा-सोळा किलोची बॅग. ठराविक दिवसांनी पाकीट यायचं. सूचनापत्र वाचत बसायचं, अमुक पान काढा, तमुक घाला, शेवटी नोंदपानावर तारीख टाकून सही. विमानतळाची मांडणी दाखवणारं पान सहसा १०-९ या क्रमांकाचं, उतरण्याच्या वाटा ११ पासून पुढे. हे काम इतकं कंटाळवाणं होतं की एखादं पान चुकणं नवल नव्हतं. नवल इतक्या कमी चुका होण्याचं वाटतं.

आता बॅगेची जागा टॅब्लेटने घेतली आहे. पान बदलणं म्हणजे वायफायवर अपडेट घेणं. पण अपडेट झालेला कागद आणि अपडेट झालेलं उपकरण यांचा बिघाड वेगळा असतो. एप्रिल २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाचा एक चार्ट दोनदा साठवला गेला आणि अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांचं ॲप बंद पडलं. कित्येक विमानं धावपट्टीकडे जाण्याऐवजी गेटवर परतली. कागदाच्या काळात एका वैमानिकाचं एक पान चुकायचं, आता सगळ्यांचं एकदम चुकतं.

शिवाय टॅब्लेट ही झाली एक प्रत. दुसरी विमानाच्या फ्लाइट मॅनेजमेंट कॉम्प्युटरमध्ये असते. तिथे चालू आणि पुढचा असे दोन कालखंड भरून ठेवतात आणि उड्डाणापूर्वी वैमानिक पडद्यावर तारीख तपासतो. बोइंग ७४७-४०० मध्ये ही माहिती साडेतीन इंची फ्लॉपीवरून भरत. २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजची ती विमानं निवृत्त होईपर्यंत हेच चाललं होतं! तिसरी प्रत नोटॅम नावाच्या सूचनांची: दोन गुरुवारांच्या मध्ये अचानक घडलेल्या गोष्टींची. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं ते नोटॅमनेच. छापील मार्गाच्या रेषा होत्या तशाच होत्या, फक्त त्यांवरून जाता येत नव्हतं.

या प्रतींचा मेळ बसला नाही तर काय होतं, ते २८ नोव्हेंबर १९७९ ला अंटार्क्टिकात दिसलं. एअर न्यूझीलंडच्या डीसी-१० चे कॅप्टन जिम कॉलिन्स यांनी आदल्या रात्री घरी ॲटलास उघडून मार्ग आखून पाहिला होता, एकोणीस दिवसांपूर्वीच्या ब्रीफिंगमधले आकडे घेऊन. त्या पहाटे कंपनीच्या संगणकात शेवटच्या बिंदूचे रेखांश दुरुस्त झाले आणि मार्ग पूर्वेला सरकला. वैमानिकांना कुणी सांगितलं नाही. आपण सपाट खाडीवरून जातोय असं ते समजत राहिले. समोर माउंट एरेबस होता. २५७ जण गेले. संगणकातला आकडा दुरुस्त करणाऱ्याने दुरुस्ती बरोबरच केली होती, हेच त्यातलं भयंकर. चूक आकड्यात नव्हती, निरोप न पोचण्यात होती.

निरोप पोचवण्याचं नागपूरचं काम जुनं आहे. जानेवारी १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून रात्री निघालेली टपालविमानं मध्यरात्रीनंतर सोनेगावला एकत्र जमत, पिशव्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत परत जात. देशाच्या मध्यावर असणं ही नागपूरची कमाई नव्हे, पण त्याचा उपयोग या सेवेने पुरेपूर करून घेतला.

आता त्याच मध्याचा पुन्हा विचार चालू आहे. भारताचं आकाश मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई असे चार विभाग आणि गुवाहाटीचा एक उपविभाग यांत वाटलेलं आहे. ते सगळं नागपूरहून एकत्र सांभाळण्याच्या ‘ईशान’ प्रकल्पाच्या आराखड्यासाठी प्राधिकरणाने २०२४ मध्ये पावलं उचलली. इमारत, रडारचे पडदे, कंट्रोलरांची भरती यांची चर्चा होईल तशी होईल. पण विभागांच्या सीमा पुसल्या की त्या सीमांवर छापलेली प्रत्येक रेषा, संपर्काची प्रत्येक फ्रिक्वेन्सी आणि रिपोर्टिंगचे बिंदू देशभरच्या मार्ग-चार्टांवर नव्याने बसवावे लागतील. इतक्या मोठ्या बदलासाठी ४२ दिवसांची सूचना पुरत नाही. आंतरराष्ट्रीय शिफारस ५६ दिवसांची आहे.