गिधाडें आणि आपला गोठा

पन्नाशी उलटलेल्या आमच्या वाचकांस हें दृश्य आठवत असेल. गांवाबाहेरच्या माळावर मेलेलें ढोर टाकलें कीं घटकाभरांत आकाशांत घिरट्या सुरू होत, आणि दिवस मावळण्यापूर्वीं तेथें नुसता सांगाडा उरे. गिधाडास आपण कधीं चांगलें म्हटलें नाहीं. तें घरावर बसलें तर अपशकुन मानून शांति करावयाची, एवढाच त्याचा आपल्याकडे मान! जटायूची कथा भक्तीनें ऐकणाऱ्यांचें हें वर्तन मोठें विचित्र खरें. परंतु त्या पक्ष्याची किंमत तो नाहींसा झाल्यावरच आपणांस कळली. मढीं कुजूं लागलीं, दुर्गंधी सुटली, आणि त्यांवर पोसलेल्या मोकाट कुत्र्यांचे कळप शेळ्यामेंढ्यांवर व माणसांवरही धावूं लागले.

1992 ते 2007 या पंधरा वर्षांत भारतांतील पांढऱ्या पाठीचीं गिधाडें दर हजारांत एखादेंच उरलीं. लांब चोचीचीं शेकडा 97 नाहींशीं झालीं. प्रथम एखाद्या सांथीचा संशय होता. पण पाकिस्तानांत मेलेलीं गिधाडें तपासून संशोधकांनीं 2004 सालीं खरें कारण प्रसिद्ध केलें. तें कारण आपल्या गोठ्यांतच होतें. लंगडणाऱ्या बैलास किंवा दगडी झालेल्या गाईस दुखणें कमी व्हावें म्हणून डायक्लोफेनॅक टोचलें आणि दोन-तीन दिवसांत तें जनावर दगावलें, तर औषधाचा अंश मांसांत राहतो. तें मांस खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होतात, अंतर्भागावर पांढऱ्या खड्यांचा थर बसतो आणि कांहीं दिवसांत तें मान टाकतें.

यांतील एक हिशेब आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा आहे. एका मढ्यावर गिधाडांचा मोठा थवा उतरतो. त्यामुळें हजार मृत जनावरांपैकीं सात-आठांत विषारी मात्रा असली, तरी एवढा ऱ्हास घडण्यास ती पुरे, असें संशोधकांस आढळलें. म्हणजे गांवांतील नव्वद घरांनीं पथ्य पाळलें आणि दहा घरांनीं मोडलें, तर त्या नव्वदांचें पथ्य फुकट गेलें! हें काम एकट्यादुकट्या सज्जन शेतकऱ्याचें नाहीं, सबंध गांवाचें आहे.

सरकारनें मे 2006 मध्यें जनावरांकरितां हें औषध बनविण्यास मनाई केली. तथापि माणसांसाठींच्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत शिरूं लागल्या, म्हणून 2015 सालीं टोचण्याच्या औषधाची बाटली 3 मिलिलिटरची ठरविण्यांत आली. 2023 सालीं जनावरांसाठीं किटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफेनॅक हीं औषधेंही बंद झालीं. परंतु कायद्याचा हात गोठ्याच्या दारापर्यंतच पोंचतो.

दाराच्या आंत काय करतां येतें, तें नेपाळांतील नवलपरासी जिल्ह्यांतील पिठौली गांवानें 2006 सालापासून दाखविलें आहे. तेथील लोक म्हातारीं, निरुपयोगी झालेलीं गुरें शेतकऱ्यांकडून घेतात, मरेपर्यंत सांभाळतात, आणि आजारांत गिधाडांस निर्धोक असें मेलॉक्सिकॅमच देतात. जनावर आपल्या मरणानें मेलें कीं तें मोकळ्या जागीं ठेवलें जातें. गिधाडें पाहण्यास येणाऱ्या प्रवाशांमुळें गांवास चार पैसेही मिळतात. ज्याच्या दावणीस भाकड गाय आहे आणि वैरण नाहीं, त्यास या योजनेंतील शहाणपण आम्हीं सांगावयास नको.

आपल्याकडेही रायगडांतील म्हसळा तालुक्यांत चिरगांवच्या लोकांनीं गिधाडांचीं घरटीं असलेलीं उंच झाडें राखलीं आहेत. झाड विकून हातीं येणारी रक्कम डोळ्यांपुढें असतां कुऱ्हाड आवरणें सोपें नव्हे. त्यांतच 3 जून 2020 रोजीं निसर्ग चक्रीवादळानें त्या किनारपट्टींतील असंख्य झाडें उन्मळून पाडलीं. गिधाडाची मादी वर्षांत एकच अंडें घालते आणि पिलूं वयांत येण्यास पांचेक वर्षें लागतात. त्यामुळें अशा एका वादळाची भरपाई होण्यास किती काळ जावा लागेल, याचा अंदाज वाचकांनींच करावा.

ज्या गांवांच्या आसपास अद्याप हा पक्षी दिसतो, त्यांनीं ग्रामसभेंत पुढील गोष्टी ठरवून घ्याव्या, अशी आमची सूचना आहे. पशुवैद्याकडून मेलॉक्सिकॅमच मागावें. टोचलेल्या औषधाचें नांव व तारीख प्रत्येकानें लिहून ठेवावी. औषध कोणतें होतें हें ठाऊक नसेल, तर तें जनावर उघड्यावर टाकूं नये. बिबट्या किंवा कुत्रीं मारण्यासाठीं मढ्यांत कीटकनाशक घालण्याची खोड कांहीं ठिकाणीं आहे, ती तर ताबडतोब बंद झाली पाहिजे. त्या एका मढ्यानें सबंध थवा जातो. आणि फाशीसारख्या रोगानें मेलेलें जनावर न फाडतां, चुना घालून खोल पुरावें, मग वर कितीही गिधाडें घिरट्या घालीत असोत.