किट आणा, कार बांधा! (इलेक्ट्रिक, बरं का)

स्पोर्ट्स कार म्हटलं की डोळ्यांसमोर फेरारी उभी राहते आणि पाठोपाठ तिची किंमत. पण मित्रांनो, सुट्या भागांचं किट घेऊन घरच्या गॅरेजमध्ये स्पोर्ट्स कार जोडायची कल्पना चांगली जुनी आहे. १९५७ साली कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीने 'लोटस सेव्हन' आणली. किट घेतलं की ब्रिटनमधला परचेस टॅक्स वाचायचा, म्हणून लोक हौसेने हातात पाना घ्यायचे.

इलेक्ट्रिकचा गाजलेला प्रयोगही किट कारवरच झाला. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या एसी प्रोपल्शन कंपनीने एका किट कारवरून 'टी-झीरो' बनवली. आधी तिच्यात लेड-अॅसिड बॅटऱ्या होत्या. २००३ मध्ये लॅपटॉपमधल्यासारखे सुमारे ६८०० लिथियम-आयन सेल बसवले, तशी गाडी हलकीही झाली आणि आणखी सुसाट पळाली. टेस्लाच्या २००८ च्या रोडस्टरमागे हीच प्रेरणा होती.

आता आपलं किट. ड्रायव्हरसकट वजन ७०० किलो धरू. ताशी १०० किमी वेगाला कायनेटिक एनर्जी येते २७० किलोज्यूल. ती ६ सेकंदांत द्यायची तर सरासरी ४५ किलोवॅट. लॉसेस धरून मोटर ६० ची घेऊ. गंमत म्हणजे एवढी एनर्जी म्हणजे फक्त ०.०७५ युनिट! १००० वॅटचा हीटर (जो होस्टेलमध्ये अर्थातच कोणाकडेच नाही) साडेचार मिनिटांत तेवढी खातो.

म्हणजे पिकअपसाठी बॅटरी दमदार हवी, मोठी हवी ती अंतरासाठी. किलोमीटरला १२० वॅट-तास धरले तर १०० किमीला १२ युनिट लागतील. लेड-अॅसिड किलोमागे ३०-३५ वॅट-तास देते, म्हणजे नुसती बॅटरीच साडेतीनशे-चारशे किलो! १५० वॅट-तास देणारा लिथियम पॅक ८० किलोत भागवतो.

पुढचा प्रश्न व्होल्टेजचा. ४८ व्होल्टवर ६० किलोवॅट म्हणजे १२५० अँपिअर, केबल कुठून आणणार? ३०० व्होल्टवर २०० अँपिअर पुरतात. पण ३०० व्होल्ट डीसी जीव घेऊ शकतो, आणि मेन स्विच बंद केला तरी पॅकच्या आत व्होल्टेज असतंच. म्हणून माझी सूचना अशी: किटमध्ये बॅटरी ४८ व्होल्टच्या सीलबंद मॉड्यूल्समध्ये यावी, जोडणीच्या प्लगमधल्या धातूला बोट लागूच नये, आणि झाकण उघडताच मॉड्यूल्स एकमेकांपासून तुटावेत. चॅसिस, सस्पेन्शन, ब्रेक आणि १२ व्होल्टचं वायरिंग आपण करायचं. हाय व्होल्टेजची जोडणी जाणकारानेच तपासायची. इथे 'चलता है' चालत नाही.

राहिला आरटीओ. आपल्याकडे घरी बांधलेल्या गाडीला सहज नंबर मिळत नाही. सेंट्रल मोटर व्हेइकल्स रूल्सच्या १२६ व्या नियमानुसार प्रोटोटाइपची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत करावी लागते. एका हौशी गाडीला तो खर्च झेपणारा नाही. म्हणून आपलं किट रस्त्यासाठी नको, ट्रॅकसाठी असू दे. 'फॉर्म्युला भारत' स्पर्धेत इलेक्ट्रिक गाड्यांचा वेगळा गट आहेच.

तेव्हा मेकॅनिकलवाल्यांनो, इलेक्ट्रिकलवाल्यांशी जरा गोडीत राहा. ही गाडी एकट्या ब्रँचच्या बापाला जमणार नाही!