निकेलची किंमत कोण मोजते?

वस्तूची बाजारातील किंमत आणि तिच्यापायी समाजाला सोसावा लागणारा खर्च या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षालाच शिकविले जाते. उदाहरण म्हणून बहुधा कारखान्याच्या धुराड्याकडे बोट दाखविले जाते. वस्तुत: ते गृहिणीच्या बोटांवरही सापडू शकेल. ‘एक ग्रॅम सोन्याचे’ म्हणून विकले जाणारे कानातले, पट्ट्याचे बक्कल, जीन्सचे बटण यांत पुष्कळदा निकेल असते. काहींच्या त्वचेला या धातूचे वावडे जडते, आणि त्यांतील कित्येकांच्या वाट्याला पुढे हातांचे इसब येते. दागिना विकणाऱ्याच्या हिशेबवहीत हा खर्च कोठेच मांडलेला नसतो.

निकेल या धंद्यात शिरले ते उगाच नव्हे. ते स्वस्त आहे, चकाकते, आणि तांब्या-पितळेवर सोन्याचा मुलामा देण्यापूर्वी खाली त्याचा थर दिला की मुलामा अधिक टिकतो. मात्र तो झिजला की घामातील क्षार निकेलला भिडतात, धातूचे सूक्ष्म अंश विरघळून त्वचेत उतरतात आणि शरीराच्या संरक्षक पेशी त्यांना शत्रू म्हणून ओळखू लागतात. ही ओळख सहसा जन्मभर पुसली जात नाही. शिवाय खाज आणि पुरळ लगेच उठत नाही, एक-दोन दिवसांनी उठते. ग्राहक अनुभवाने शहाणा होतो, हे बाजारपेठेचे गृहीतच येथे लटके पडते. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही हे खरे. पण कांकणातले निकेल कोणाला दिसते?

हा रोग मुळात कामगारांचा. धातूंवर मुलामा चढविणाऱ्या कामगारांच्या हातांवरील इसबाचे वर्णन बर्लिनच्या ब्लाश्को यांनी १८८९ मध्ये केले. त्याचे मूळ निकेलच्या वावड्यात आहे, हे १९२५ मध्ये जर्मनीतच त्वचेवरील चाचणीने दाखविण्यात आले. पुढे मोज्यांचे बंद, जीन्सची बटणे आणि विशेषत: स्वस्त कर्णभूषणे यांच्या वाटेने हे दुखणे कारखान्यातून घराघरांत आले. सोनार सोन्याच्या तारेने बाळाचे कान टोचतो, त्या प्रथेत हा धोका फारसा नव्हता. ताज्या जखमेत निकेलची तार घातली म्हणजे वावड्याला आमंत्रणच.

तथापि हातावरचे प्रत्येक इसब निकेलचे नव्हे. साबण, सततचे पाणी, कांदा-लसूण आणि आनुवंशिकता यांचा त्यात मोठा वाटा असतो. भांडी घासून सोललेल्या त्वचेतून निकेल सहज आत शिरते, एवढेच. स्टीलच्या भांड्यांनी धास्तावण्याचेही कारण नाही. त्यांत निकेल असले तरी सहसा अत्यल्प सुटते. महत्त्व धातूत निकेल किती आहे याला नसून ते बाहेर किती पडते याला आहे. खात्री करायची तर पाठीवर निकेल सल्फेटची पट्टी दोन दिवस ठेवावी लागते आणि ती काढल्यावरही पुन्हा तपासणीला जावे लागते. ज्या बाईचा चार घरची धुणीभांडी हाच रोजगार, तिने इतके खाडे कसे करावेत? ती औषधाच्या दुकानातून गजकर्णाची ट्यूब आणते आणि पुन्हा पाण्यात हात घालते.

यावर उपाय नाही असे नाही. डेन्मार्कने १९९० मध्ये अंगाला दीर्घकाळ लागून राहणाऱ्या वस्तूंतून दर आठवड्याला, दर चौरस सेंटिमीटरमागे अर्ध्या मायक्रोग्रॅमहून अधिक निकेल सुटता कामा नये, असे बंधन घातले. युरोपीय संघाने १९९४ मध्ये तोच दंडक स्वीकारला आणि २००१ पर्यंत तो पूर्णत: अमलात आला. त्यानंतर कान टोचलेल्या डॅनिश तरुणींमधील निकेलचे वावडे लक्षणीय घटले. १९९० आणि २००६ च्या पाहण्यांची तुलना करता, तरुण स्त्रियांमध्ये हे वावडे आणि हातांचे इसब यांच्यातील नातेही सैल झालेले आढळले. दागिन्यांचा धंदा काही बुडाला नाही. त्याने धातू बदलला.

गंमत अशी, की सरकार स्वत:ही निकेलचे ग्राहक आहे. एक व दोन युरोच्या नाण्यांतून निकेल सुटते, हे २००२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. स्वीडनने २०१६ पासून नवी नाणी निकेलविरहित काढली. भारतात २०२० मध्ये आलेल्या वीस रुपयांच्या नाण्याच्या बाहेरील कड्यात मात्र २० टक्के निकेल आहे. नाणे हातात क्षणभरच राहते, म्हणून सामान्य माणसाला त्याची बाधा होऊ नये. दिवसभर सुटे पैसे मोजणाऱ्या कंडक्टरची गोष्ट निराळी.

सोन्याच्या दागिन्यांवर २०२१ पासून भारतात टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. ज्याला सोने परवडते, त्याच्या पैशाचे रक्षण त्याने होते. ज्यांना सोने परवडत नाही, त्यांच्या त्वचेसाठी मुलाम्याच्या दागिन्यांवरही निकेलची मर्यादा घालता येईल, आणि तपासणी अवघड नाही. डायमिथिलग्लायॉक्झाइम आणि अमोनिया यांच्या द्रावणात भिजविलेला कापूस दागिन्यावर अर्धा मिनिट घासावा. तो गुलाबी झाला तर निकेल सुटत आहे. बी.एस्सी.चे विद्यार्थी निकेलचे प्रमाण काढण्यासाठी हेच रसायन वापरतात.