स्वभावचाचणीवर नोकरी ठरावी का?

रणगाडा दलाचे तरुण अधिकारी प्रशिक्षणासाठी अहिल्यानगरच्या (पूर्वीचे अहमदनगर) आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये येतात. त्याआधी लष्कराच्या निवड मंडळापुढे त्यांच्या स्वभावाची पारख झालेली असते. तेथील शब्दसाहचर्य चाचणीत ६० शब्द दाखवले जातात. प्रत्येक शब्दाला १५ सेकंद मिळतात आणि तेवढ्यात मनात आलेला पहिला विचार लिहायचा असतो. मग नागापूर वा सुपे औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांनी उमेदवारांना स्वभावाची प्रश्नावली दिली, तर बिघडले कुठे?

फरक पद्धतीत आहे. लष्करात मानसशास्त्रज्ञाचा कौल एकटा अंतिम नसतो. मुलाखत घेणारा आणि गटचाचण्या घेणारा असे दोन अधिकारी उमेदवाराला स्वतंत्रपणे जोखतात; शेवटी एकत्रित विचार होतो. उलट अर्ध्या तासाच्या प्रश्नावलीवरच उमेदवार गाळला, तर त्याला आपली बाजू मांडण्याची संधीच उरत नाही. शिवाय ‘तुम्ही कामे वेळेवर करता का?’ या प्रश्नाला गरजू उमेदवार ‘नाही’ असे उत्तर कशाला देईल?

मायर्स-ब्रिग्ज ही प्रसिद्ध चाचणी नोकरभरतीसाठी वापरू नये, असे तिचे प्रकाशकच सांगतात. बॅरिक आणि माउंट या अमेरिकी संशोधकांना १९९१ मध्ये कर्तव्यदक्षतेचा जवळपास सर्वच व्यवसायांतील कामगिरीशी संबंध आढळला. पण तो माफकच होता.

तेव्हा चाचणी जरूर घ्यावी, पण मुलाखतीत काय विचारायचे हे ठरवण्यापुरती. प्रत्यक्ष काम करवून पाहिल्याशिवाय कोणालाही नाकारू नये.